नाक दाबून पाजलेलं लिंबूपाणी

मेहुणा बोईसरला यायला निघाला, त्या दिवशी मामीचा फोन आला होता. "पाव्हणं, पोरगं हातचं सुटाय लागलंय. हितं ऱ्हायलं तर एक दिस कुठंतरी पडून मरंल. तुमच्या नजरंखाली असू द्या."

मामी म्हणजे माझी सासू. बायको माझ्या चुलत मामाची मुलगी, त्यामुळे सासूला मी लहानपणापासून मामीच म्हणतो. लग्नाआधी ती मला अरेतुरे करायची, लग्नानंतर एका दिवसात पाव्हणं म्हणायला लागली. तिचं मागणं मोठं नव्हतं. पोरगा शिकावा, त्यानं घर बांधावं, असलं काही ती म्हणाली नाही. तो जिवंत राहावा, एवढंच म्हणाली. मी म्हटलं, "मामी, तुमी काळजी सोडा." ते मला जमलं नाही. कसं जमलं नाही, ते लिहितो आहे. त्यात मला स्वतःला वाचवायचं नाही, पण लिहिताना माणूस नकळत स्वतःला वाचवतोच, म्हणून आधीच सांगून ठेवतो.

आम्ही मूळचे जतकडचे. मी तरुणपणीच इकडं आलो आणि रंगाची रसायनं बनवणाऱ्या एका कंपनीत हेल्परचा ऑपरेटर झालो. बेटेगावात दोन खोल्या भाड्यानं घेतल्या, त्या अजून सोडल्या नाहीत. आम्हाला मूलबाळ नाही. मेहुणा बायकोपेक्षा बराच लहान, तिनं त्याला कडेवर घेऊन वाढवलेला. तो आला तेव्हा तिनं बाहेरची खोली झाडून, त्याच्यासाठी खिडकीजवळ खाट टाकून ठेवली होती. मी त्याला माझ्याच कंपनीत, कंत्राटदाराकडं लावून दिला. तो हसरा होता, कामाला वाघ होता आणि सगळ्यांशी दोस्ती करायचा. कंपनीतले बिहारकडचे कामगार आम्हाला 'जीजा-साला' म्हणायचे. तो उशिरा आला की गेटवर ओरडा व्हायचा, "जीजा आ गया, साला कहाँ रह गया?"

उशिरा तो कशामुळे यायचा, हे सगळ्यांना माहीत होतं. शिफ्ट सुटली की नाक्यावर थांबायचा. एकदा पावसाळ्यात दोघा जणांनी त्याला गटारातून काढून, रिक्षात घालून घरी आणला. बायको त्याचे पाय धुताना रडत होती. त्या दिवशी मीच तोडगा काढला. म्हटलं, "बाहेर प्यायचं बंद. प्यायची तर घरात, माझ्यासमोर. म्हणजे किती घेतो ते तरी कळंल." बायकोला ते पटलं. आमच्याकडं अशी बरीच घरं आहेत. दारू सुटत नाही म्हटल्यावर घरातली माणसं तिला घरात जागा देतात आणि तेवढ्यानं ती ताब्यात आली असं समजतात.

त्या तोडग्यात माझा स्वार्थ होता. तोवर मी लपूनछपून, वेलची चघळत पीत होतो. आता मला बायकोसमोर बसून प्यायला कारण मिळालं. मी दारू पीत नव्हतो, मी मेहुण्याला सांभाळत होतो. तिनं सुके बोंबील तळून द्यायचे, मी माप टाकायचं. सुरुवातीला दोघांत एक क्वार्टर होती. मग त्याला एक, मला एक. मग सुट्टीच्या दिवशी मोजायचं राहून जायला लागलं. मेहुण्यानं एकदा ग्लास वर धरून म्हटलं होतं, "दाजी, तुमी वॉचमन आन् मी चोर. पगार मात्र दोघांस्नी सारखाच." बायकोसुद्धा हसली होती. त्या वाक्यात सगळं होतं, पण हसण्यावारी गेलं.

दोन-तीन वर्षांत त्याला खोकला जडला. सकाळी उठला की पाठीत बाक येईपर्यंत खोकायचा. बोईसरमध्ये खोकल्याचं कुणी मनावर घेत नाही. हवेला वास असतो, कंपनीत गॅस असतो, ज्याला त्याला घसा असतो. आमच्यात एक ठाम समज होता, अजूनही आहे, की दिवसभर छातीत गेलेला गॅस दारूनं कापला जातो. नवीन पोरं यायची, त्यांना मीच सांगायचो, "दोन घोट मारावेत, छाती मोकळी होते." मेहुणा तर म्हणायचा, "दिवसभर गॅस खायचा आन् रात्री धुवायचा बी न्हाई व्हय?" खोकला गॅसचा आणि औषध दारूचं, असं आमचं ठरलेलं होतं. उलट असू शकेल असं कुणाच्याच मनात आलं नाही.

आता लिंबूपाण्याचं सांगायला हवं.

मी बोईसरला आलो तेव्हा आम्ही सहा-सात जण एका खोलीत राहायचो. कंत्राटी माणसानं शिफ्ट चुकवली की दुसऱ्या दिवशी त्याच्या जागी दुसरा उभा असायचा. त्यामुळे पिऊन पडलेल्याला कसंही करून शुद्धीवर आणून गेटात घालणं हे खोलीतल्या बाकीच्यांचं काम असायचं. त्याची एक रीत होती. दोन-तीन लिंबं पिळायची, त्यात मूठभर मीठ घालायचं. एकानं पडलेल्याचं डोकं मांडीवर घ्यायचं, मान मागं करायची आणि नाक दाबायचं. श्वासासाठी तोंड उघडलं की तांब्या ओतायचा. माणूस घोटतो, ठसकतो, भडाभडा ओकतो आणि उठून बसतो. मी त्यात तरबेज होतो. दुसऱ्या खोल्यांतून बोलावणं यायचं. माझ्या हातून कितीतरी जण उठून कामाला गेले, त्यांच्या नोकऱ्या टिकल्या. ते मला पुण्याचं काम वाटायचं. खरंच वाटायचं.

तो दिवस माझ्या सुट्टीचा होता. मेहुण्याचीही सुट्टी होती, पण सेकंड शिफ्टचा माणूस गावी गेल्यामुळे त्याला दुपारी तीनला बोलावलं होतं. त्याचे खाडे फार झाले होते. सुपरवायझरनं सगळ्यांसमोर सांगितलं होतं की, पुढचा खाडा झाला तर गेटपास जमा करून जायचं. हे माहीत असूनही आम्ही सकाळीच बसलो. कुणीतरी चिंचणीहून ताडी आणली होती, ती त्यानं आधी संपवली आणि मग क्वार्टरीला हात घातला. मीही त्याच्याबरोबर होतो. एक वाजता तो दाराजवळ चटईवर आडवा झाला, तो उठेचना. हाक मारली की घशातून घरघर यायची.

बायको म्हणाली, "आता ह्यो कामाला कसा जायचा? गेली नोकरी."

"जातोय बघ. लिंबं काप तू."

लिंबं घरमालकिणीच्या झाडाची होती. बायकोनं ती पिळली, मीठ टाकलं, ढवळलं. मी त्याचं डोकं मांडीवर घेतलं. माझाच हात स्थिर नव्हता. नाक दाबलं, तोंड उघडलं, तांब्या लावला. घरमालकीण ओटीवर उभी राहून बघत होती. म्हणाली, "काय ओ, ल्हान पोराला औषद पाजतात तसा पाजता काय त्याला? नाय बोलला तरी पाजताच!" ती हसली, आम्हीही हसलो. पहिल्यांदा त्यानं गिळलं नाही. पाणी घशात बुडबुडलं. मी थांबलो नाही, आणखी ओतलं. मग त्याला असा ठसका लागला की तोंड काळंनिळं झालं, डोळे बाहेर आले. कूस बदलून ओकला, पुन्हा खोकला, कितीतरी वेळ खोकत राहिला. शेवटी डोळे उघडून माझ्याकडं बघत म्हणाला, "दाजी, मारताय का काय?"

आम्ही परत हसलो. थोड्या वेळानं तो उठला, तोंड धुतलं, शर्ट बदलला आणि शिफ्टला गेला. त्याची नोकरी वाचली. मी बायकोला म्हटलं, "बघ." मला स्वतःचं कौतुक वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याला थंडी वाजून ताप आला. हात थरथरत होते. मी त्याला घोटभर पाजली, थरथर थांबते म्हणून. त्यापुढच्या दिवशी तो खाटेवर बसूनच राहिला, आडवं होता येईना. एक वाक्य दोन-तीन तुकड्यांत बोलायला लागला. "अक्का... पाणी... गरम दे." ओठ जांभळे दिसत होते. बोईसरच्या डॉक्टरनं एक्स-रे काढला आणि तो उजेडाकडं धरून आमच्यापेक्षा स्वतःशीच म्हणाला, "दोन्ही बाजूंनी पांढरं झालंय." मग आमच्याकडं वळून म्हणाला, "थांबू नका. पालघरला घेऊन जा."

पालघरच्या दवाखान्यात एक बाई डॉक्टर होत्या. चाळिशीच्या असतील. बोलणं तुटक, पण कानाला लागेल असं नाही. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "दारू किती घेतात?"

बायको म्हणाली, "कधीमधी."

मी म्हटलं, "रोज. निदान एक क्वार्टर. सुट्टीला किती ते सांगता येत नाही. काल-परवापर्यंत घेतलीये."

बायकोनं माझ्याकडं बघितलं नाही. डॉक्टर म्हणाल्या, "सांगितलंत ते बरं केलंत. आता दारू थांबली की ह्यांना भास होतील, झटके येऊ शकतात. माहीत असलं तर सांभाळता येतं." त्या सबंध प्रकरणात माझ्या हातून घडलेली बरी गोष्ट ती एकच.

भास झालेच. तो चादरीवरून काहीतरी वेचायचा आणि मुठीत धरून मला द्यायचा. म्हणायचा, "धरा, दाजी, सांडंल." हात बांधावे लागले. तोंडावर मास्क होता, तरी यंत्रावर ऑक्सिजनचा आकडा खाली यायचा आणि ते ओरडायचं. श्वासासाठी घशात नळी घालायची ठरली, त्याच्या आधी थोडा वेळ तो शुद्धीवर होता. मला जवळ बोलावलं. मास्कच्या आतून म्हणाला, "साहेबाला सांगा... सेकंडला येतो म्हणावं." मी म्हटलं, "सांगतो." तो हसायला गेला, पण त्याला श्वास पुरला नाही. त्यानंतर तो कुणाशीच बोलला नाही.

मी डॉक्टरांना एकटं गाठलं ते दुसऱ्या दिवशी सकाळी. त्या जिना उतरत होत्या. मी सगळं सांगितलं. मांडीवर डोकं घेतलं ते, नाक दाबलं ते, पाणी बुडबुडलं ते. विचारलं, "माझ्यामुळं झालं का?"

त्या पायरीवरच थांबल्या. म्हणाल्या, "बेशुद्ध माणसाला काहीच पाजायचं नसतं. घशाला राखण नसते तेव्हा. पाणी, ओकारी, सगळं श्वासनळीतून फुफ्फुसात जातं. कुशीवर निजवायचं आणि दवाखान्यात आणायचं, एवढंच. पाणी तुम्ही पाजलंत म्हणून गेलं की ओकारी आपोआप गेली, हे आता मला सांगता येणार नाही. पाजायला नको होतंत, हे खरं."

त्यांनी हातातली फाइल काखेत घेतली.

"पण एक ऐका. हेच एखाद्या न पिणाऱ्याला झालं असतं, तर बहुतेक वेळा ताप येतो, औषधं देतो, माणूस घरी जातो. ह्यांना तसं जमत नाहीये. वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्याचं लिव्हर खराब होतं, हे तुम्हा सगळ्यांना माहीत असतं. फुफ्फुसांचं कुणी बोलत नाही. आतलं अस्तर कमजोर झालेलं असतं. वरून काही कळत नाही, माणूस काम करतो, जिने चढतो. मग एखादा न्यूमोनिया होतो आणि फुफ्फुसात सगळीकडून पाणी झिरपायला लागतं. जंतूंशी लढायची ताकदही राहिलेली नसते. आता यंत्र श्वास देतंय, पण तो घ्यायला आत जागा नाहीये."

"तो म्हणायचा, गॅस आहे छातीत. दारूनं कापतो."

"गॅस असेलही. हवेनं खोकला होतोच. पण दारू काही कापत नाही." मग त्यांनी माझ्याकडं नीट बघितलं. माझे हात बघितले असावेत. "तुम्ही किती घेता?"

"त्याच्याइतकीच."

"मग ह्या खाटेवर तुम्हीही असू शकला असता," त्या म्हणाल्या आणि खाली गेल्या.

त्या वेळी माझे हात थरथरत होते ते भीतीनं असं कुणालाही वाटलं असतं. पण मला माहीत होतं. दवाखान्यात आल्यापासून मी प्यायलो नव्हतो. अंगाला दरदरून घाम फुटत होता. डॉक्टर जे बोलल्या ते ऐकून झाल्यावर, त्यातलं अक्षर न् अक्षर समजल्यावर मी जिना उतरलो, स्टेशनच्या रस्त्याला गेलो आणि एका दुकानामागं उभा राहून पाणी न घालता क्वार्टर प्यायलो. वर मेहुणा यंत्रावर होता. हे लिहिताना मला वाटतं की, हात माझे नव्हते असं लिहावं. पण ते माझेच होते.

परत वर गेलो तेव्हा मामी आली होती. गावाहून रात्रभर प्रवास करून, एका पिशवीत भाकऱ्या बांधून. आयसीयूच्या बाहेर भिंतीला टेकून ती खालीच बसली होती, बाकावर बसायला तयार नव्हती. मी तिच्यापासून लांब उभा राहिलो, वास येऊ नये म्हणून. तिनं पदरानं तोंड पुसलं आणि मला हातानं जवळ बोलावलं. मी जवळ जाऊन बसलो. तिनं पिशवी पुढ्यात ओढली. मग म्हणाली, "पाव्हणं, जेवला का?"

मी मान हलवून नाही म्हटलं. तिनं भाकरी काढून माझ्या हातावर ठेवली आणि वर चटणी घातली. म्हणाली, "तुमी हुता म्हणून दवाखान्यात तरी आला. तिकडं असता तर बांधाला पडून गेला असता." ती भाकरी मी खाल्ली. बायको समोर बसली होती. लिंबू तिनं पिळलं होतं, नाक मी दाबलं होतं. आम्ही दोघांनी एकमेकांकडं बघायचं टाळलं. त्या दिवसांत आम्ही फक्त औषधांचं आणि चहाचं बोलायचो.

मधे दोन दिवस असे आले की आकडा वर चढला. बाई डॉक्टर म्हणाल्या, "थोडी हालचाल आहे, बघू." बायको महालक्ष्मीला नवस बोलली. मामीनं पहिल्यांदा बाकावर बसून चहा घेतला. मी त्या दोन दिवसांत दारूला शिवलो नाही, जणू माझ्या न पिण्यावर त्याचा आकडा टिकून होता. तिसऱ्या दिवशी पुन्हा ताप चढला. मग मूत्रपिंडांनी काम सोडलं. एका सकाळी भेटायच्या वेळेआधीच आम्हाला आत बोलावलं. यंत्र चालू होतं, छाती वरखाली होत होती, त्यामुळे तो गेला हे मामीला पटेना. ती म्हणत होती, "श्वास चालूय की. बघा की, चालूय." नर्सनं यंत्र बंद केलं तेव्हा तिला समजलं.

गावाकडं न्यायचं म्हणून मी गाडीची चौकशी करायला लागलो. मामी म्हणाली, "नगं. हितंच करा. लई हाल झालं त्याचं, आनिक गाडीत घालून हलवू नगा." बोईसरलाच केलं. खांदा द्यायला निम्मी शिफ्ट आली होती. गेटवर 'साला कहाँ रह गया' म्हणणारे पुढं होते. त्यातल्या दोघांनी तोंड फिरवून रडून घेतलं, आणि संध्याकाळी नाक्यावर जाऊन प्यायले. मला माहीत आहे, कारण मी त्यांच्यात होतो.

दहावा चिंचणीच्या किनाऱ्यावर केला. गावाहून मेहुण्याचा चुलता आला होता, त्याला सगळे तात्या म्हणतात. आमच्याकडं पिंडाजवळ गेलेल्याच्या आवडीचं ठेवतात. कुणाचं पान-तंबाखू, कुणाची जिलबी. बायकोनं शेंगदाण्याची पोळी केली होती. घरून निघण्याआधी तात्या मला बाजूला घेऊन म्हणाले, "पाव्हणं, राग मानू नगा. पर त्याचा जीव कशात हुता ते आपल्याला ठावं हाय. एक बारकी बाटली ठिवली पायजे, न्हाईतर कावळा शिवायचा न्हाई. कंची लागायची ते तुमालाच म्हाईत."

ज्या वस्तूनं तो मेला तीच त्याच्यासमोर ठेवायची, हे मला बोलता आलं असतं. मी पिशवी घेऊन निघालो. वाटेत बोईसरला, ओळखीच्या दुकानावर थांबलो. दुकानदारानं मला बघितलं आणि न विचारता दोन क्वार्टर काउंटरवर ठेवल्या, नेहमीसारख्या. त्याला बातमी कळली नव्हती. मी एक परत करायला हवी होती. मी दोन्हींचे पैसे दिले. एक पिशवीत टाकली, दुसरी पँटच्या खिशात.

भरती ओसरत होती. सुरूच्या झाडांवर कावळे होते, खाली एकही उतरेना. पिंडाजवळ भात, पोळी आणि ती बाटली. आम्ही लांब उभे राहिलो. तात्या पुढं होऊन हात जोडून म्हणाले, "लेका, तुझ्या आईला आमी बघू, काय कमी पडू देणार न्हाई." कावळा आला नाही. बायको म्हणाली, "बाळा, मी हाय. आईला मी ठिवून घीन." काही नाही. ऊन वर आलं. भटजी घड्याळ बघायला लागले. मग सगळे माझ्याकडं बघायला लागले. मामी सोडली तर जवळचा म्हणावा असा मीच राहिलो होतो.

काय बोलायला हवं होतं ते मला ठाऊक होतं. तीन-चार शब्दच होते. तोंड उघडलं, पण खिशातलं वजन मांडीला लागत होतं. पिंडासमोर खोटं बोलायची हिंमत झाली नाही आणि खरं बोलायची तयारी नव्हती.

मामी माझ्याजवळ आली. खिशाचा फुगवटा तिनं बघितला असणार, कारण तिनं काही विचारलं नाही. पोराच्या खिशातनं चिंचा काढाव्यात तसा हात घालून तिनं बाटली काढली. तात्यांनी मान खाली घातली. बायकोनं डोळ्यांना पदर लावला. मामी वाळूत चालत पिंडापर्यंत गेली आणि ती बाटली पहिलीच्या शेजारी ठेवली.

"ही बी तुलाच घे," ती म्हणाली. "आन् जा आता, लेकरा. तुझ्या दाजीकडं मी बघते."

ती मागं सरकली आणि सुरूवरून एक कावळा उतरला. किनाऱ्यावरचे कावळे भुकेले असतात, ऊन वाढलं की उतरतातच. असंही असेल. त्यानं भाताला चोच लावली. बाटल्यांकडं बघितलंही नाही.

त्या संध्याकाळी पाहुणे गेल्यावर मी मामीसमोर बसलो. म्हटलं, "मामी, तुम्हाला एक माहीत नाही. त्या दिवशी मी त्याला..."

"म्हाईत हाय."

"नाक दाबून..."

"म्हाईत हाय म्हणलं न्हवं. मी दवाखान्यात आले त्याच दिशी पोरीनं सांगितलंय. तुमी खाली गेला हुता." तिनं पायावरची वाळू झटकली. "मी काय करू? त्यो गेला. तुमास्नी बी घालवू? मग पोरीचं काय करू?"

म्हणजे ज्या हातावर तिनं भाकरी ठेवली, तो हात काय करून आला आहे ते तिला ठाऊक होतं. तिनं मला माफ केलं असं मला वाटत नाही. मी ते कधी विचारणारही नाही. तिला एक जीव राखता आला नाही, आता दुसरा राखायचा आहे, एवढंच तिनं ठरवलं आहे. त्यात मी चांगला की वाईट, हा प्रश्नच तिच्याकडं नसावा.

त्या दिवसापासून मी एका झटक्यात सुटलो असं लिहिता आलं तर बरं झालं असतं. तसं झालं नाही. दोनदा घसरलो. दुसऱ्यांदा मामीनं मला पालघरला त्याच दवाखान्यात नेलं, त्याच जिन्यानं. त्या बाई डॉक्टरांनी माझा एक्स-रे काढायला लावला, औषध सुरू केलं आणि दर महिन्याला यायला सांगितलं. छाती सध्या ठीक आहे म्हणतात. 'सध्या' ह्या शब्दावर त्या जरा थांबतात. कंपनीत पोरं अजून पडतात. मी आता कुणाला पाजू देत नाही, कुशीवर निजवतो आणि रिक्षा बोलावतो. ती मला म्हातारा झाला म्हणून हसतात. शिफ्टला गेले नाहीत म्हणून एक-दोघांची नोकरीही गेली. ते माझ्याशी बोलत नाहीत.

मामी गावी परत गेली नाही. बाहेरच्या खोलीत, खिडकीजवळच्या खाटेवर ती झोपते. शिफ्ट सुटून मी घरी येतो तेव्हा ती दारातच असते. डब्याची पिशवी घ्यायला पुढं येते आणि माझ्या तोंडाजवळ क्षणभर थांबते. काही म्हणत नाही, विचारत नाही. तिला तसं नुसतं उभं राहावं लागू नये म्हणून मीच बोलतो. आज बस उशिरा आली, वाणगावकडं पाऊस होता, काहीही. बोलण्यासारखं काही नसलं तरी, तोंड नीट उघडून, तिचं समाधान होईपर्यंत बोलत राहतो.